नाव घालण्याची जागा

लोकगीतांच्या प्रसारणाविषयी आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले जाते, त्याची मांडणी बहुतेक वेळा ठरीव असते. एका बाजूला परंपरा, दुसऱ्या बाजूला बाजार. इकडे आकाशवाणीचे संयत लोकसंगीत, तिकडे कॅसेट, अल्बम, डीजे आणि यूट्यूब. एकीने दुसरीला भ्रष्ट म्हणावयाचे आणि दुसरीने पहिलीला मृत ठरवावयाचे. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत अहिराणी ऐकत वाढलेल्या आणि पुढे मराठीच्या अध्यापनात पडलेल्या माझ्यासारखीला ही मांडणी पुरेशी वाटत नाही. ही गाणी माझ्या कानांवर तिन्ही वाटांनी आली : घरातून, रेडिओवरून आणि बाजारातून. प्रत्येक वाटेवर त्यांचे जे झाले ते परंपरा राखली की मोडली, एवढ्या भाषेत सांगता येण्याजोगे नाही. ते सांगण्यासाठी मला एका लहानशा, जवळजवळ व्याकरणिक म्हणावी अशा गोष्टीचा आधार घ्यावासा वाटतो. ती गोष्ट म्हणजे गाण्यातील नाव घालण्याची जागा.

कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी बसते. नारळाला डोळे, नथ, डोरले चढवून तिची स्थापना होते. भाऊबंदकीतील घरे एकत्र येऊन रोट करतात. रात्र गाण्यांनी जागवली जाते आणि सोमवारी तिला नदीवर नेतात. या रात्रीची गाणी लांब असतात असे म्हणून भागत नाही. ती संपावीत अशी त्यांची रचनाच नसते. एक कडवे असते आणि त्यात देवीच्या दारी येणाऱ्या माणसाच्या नावाची एक मोकळी जागा असते. त्या जागी आधी घरातल्या कर्त्याचे नाव येते, मग त्याच्या भावांची, मग सुनांची, लेकींची, जावयांची. घरातली नावे संपली की शेजार घेतला जातो. कडवे तेच, नावे मात्र पुढे सरकत राहतात. जेवढे घर मोठे तेवढे गाणे मोठे. संकलक हे कागदावर उतरवतो तेव्हा दुसऱ्या कडव्यापाशी थांबून 'याप्रमाणे पुढे' असे लिहितो. वस्तुतः ते 'याप्रमाणे पुढे' हेच गाणे असते. कोणत्या सुनेचे नाव आधी आले, कोणते मागून, कोणाचे राहून गेले, यावरून घराघरांत अबोले धरले गेल्याचे मी पाहिले आहे. माझे स्वतःचे नाव लग्नापूर्वी लेकींच्या ओळीत येत असे, लग्नानंतर दुसऱ्या घराच्या गाण्यात ते सुनांच्या ओळीत, आणि तेही शेवटून दुसरे, येऊ लागले. कायद्याच्या दृष्टीने मी सासरची झाले ती विवाहनोंदणीने. माझ्या मनाने ते मानले ते त्या रात्री. संहितेतील एका रिकाम्या जागेत कुटुंबाची अवघी उतरंड, तिचे रुसवे आणि समेट सामावलेले असतात, हे लोकसाहित्याच्या ग्रंथांतून मला कळले नव्हते.

आखाजीच्या गाण्यांतही ही जागा असते, पण तिचा उपयोग वेगळा. अक्षय्यतृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराई बोळवली जाते, आणि शेजारच्या गावच्या बायकांना गाण्यांतून शिव्या दिल्या जातात. सासऱ्याचे, दिराचे, पलीकडच्या गावातील पुढाऱ्याचे नाव या गाण्यांत घेतले जाते आणि त्याची यथेच्छ संभावना होते. वर्षभर ज्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यावयाचा नाही, त्याला दोन दिवस नावाने हाक मारण्याची ही मुभा आहे. हळदीच्या गाण्यांतही तेच. या गाण्यांना अश्लील म्हणणे सोपे आहे. मात्र त्यांतील अश्लीलता बायकांच्या मालकीची असते, एवढे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आकाशवाणीचे जळगाव केंद्र १९७६ साली सुरू झाले. त्यापूर्वी खानदेशाला रेडिओवरून मिळे ती मराठी मुंबई-पुण्याची होती. यंत्रातून आपली बोली ऐकू येणे ही काय चीज आहे, हे प्रमाणभाषेच्या घरात जन्मलेल्यांना सांगून कळावयाचे नाही. ग्रियर्सनने १९०७ साली भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीला भिल्ल भाषांच्या शेजारी बसवले, आमच्या शाळांनी तिला अशुद्ध मराठी ठरवले. या पार्श्वभूमीवर सरकारी केंद्रातून अहिराणी गाणे लागणे म्हणजे एक प्रकारची राजमान्यता होती. आकाशवाणीवर पुढे जी टीका मी करणार आहे ती या ऋणाची जाणीव ठेवून.

महाविद्यालयात असताना, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मी माझ्या फुईच्या मंडळाबरोबर एका प्रसारणकेंद्रावर गेले होते. फुई म्हणजे आत्या. पाच बायका, एक ढोलकी आणि टाळ. चाचणी आधीच झालेली होती. ध्वनिमुद्रण ठरले ते माघात, आणि गाणे हवे होते कानबाईचे. फुई म्हणाली, "आते कशी म्हनू? घर मा कानबाई नही शे." तेथील अधिकारी सौजन्यशील होते, त्यांनी समजूत घातली आणि ती तयार झाली. मग नावांचा प्रश्न निघाला. चौदा मिनिटांत तीन गाणी बसवावयाची होती. श्रोत्यांना आमच्या घरातल्या माणसांच्या नावांत स्वारस्य असण्याचे कारण नव्हते, आणि सार्वजनिक माध्यमावरून खाजगी नावे कशी घ्यावयाची, हाही मुद्दा होताच. यांतले प्रत्येक कारण आपापल्या जागी बिनतोड होते. नावे गेली, आणि रात्रभराचे गाणे दोन कडव्यांचे झाले. तांबडा दिवा लागल्यावर फुईने ते अतिशय सुरेल म्हटले, हेही सांगावयास हवे. प्रसारणाच्या दिवशी सगळे घर रेडिओभोवती बसले होते. निवेदिकेने मंडळाचे नाव सांगितले आणि पुढे म्हणाली, गीत पारंपरिक. "हाऊ पारंपरिक कोन शे?" फुईने विचारले. आम्ही हसलो.

प्रबंधाच्या काळात हा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. 'पारंपरिक' ही संज्ञा आपण नम्रतेची म्हणून वापरतो. गाणे कोणा एकाचे नाही, सर्वांचे आहे, असा तिचा भाव. पण घरात ते गाणे निनावी कधीच नव्हते. उलट ते नावांनी खच्चून भरलेले होते. कर्त्याचे नाव नसणे आणि गाण्यात कोणाचेच नाव नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि प्रसारणाने पहिलीचा आधार घेऊन दुसरी घडवून आणली. आखाजीच्या गाण्यांचे तर तेवढेही झाले नाही. आकाशवाणीच्या संहितेत अश्लील आणि बदनामीकारक मजकुराला मज्जाव आहे. आणि नावानिशी शिवी देणाऱ्या गाण्यात हे दोन्ही दोष एकाच ओळीत आढळतात. म्हणून झोक्याची, माहेराची, भावाच्या मायेची गाणी तेवढी पुढे आली, आणि खानदेशातील स्त्रीचे लोकगीत म्हणजे हळवे गीत असा समज शिकलेल्या वर्गात रुजला. परंपरेचे रक्षण म्हणतात ते असे निवडीतून होत असते.

ही निवड केवळ एका केंद्राची नव्हती. हार्मोनियमला आकाशवाणीवर १९४० साली बंदी आली आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. बा. वि. केसकर हे आपले मराठी मंत्री. त्यांच्या कारकिर्दीत १९५२ साली चित्रपटसंगीताला आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार करण्यात आले. श्रोते मुकाट्याने रेडिओ सिलोनकडे गेले, तेथील बिनाका गीतमाला ऐकू लागले, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली. पुढे १९६७ साली मुंबई, पुणे, नागपूर येथे तिच्यावर जाहिराती आल्या. तेव्हा जळगावचे केंद्र उघडले, त्याच्या नऊ वर्षे आधीच सरकारी प्रसारणाने बाजाराशी संसार मांडलेला होता. लोकसंगीताचा पाव तास हा त्या संसारातला देव्हारा होता, इतकेच.

परंपरा आणि प्रसारण यांचा हा व्यवहार बाहेर कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथे १९२५ साली एका विमा कंपनीने आपले नभोवाणी केंद्र सुरू केले. केंद्राचे नाव डब्ल्यू. एस. एम.; ही तीन अक्षरे कंपनीच्या घोषवाक्यातून घेतलेली, आणि त्या वाक्याचा अर्थ 'आम्ही लक्षावधींना संरक्षण देतो' असा. या केंद्रावरचा ग्रामीण गाण्यांचा शनिवारचा कार्यक्रम पुढे ग्रँड ओल ओप्री म्हणून विख्यात झाला आणि विमाविक्रेत्यांना शेतकऱ्यांची दारे त्याने उघडून दिली. कार्यक्रमाचा प्रवर्तक जॉर्ज हे याने कोट-टाय घालून येणाऱ्या वादकांना शेतकऱ्याचे कपडे चढवले आणि त्यांच्या वाद्यवृंदांना रानटी वाटतील अशी नावे दिली. त्यांतल्या एका वृंदाचा प्रमुख व्यवसायाने डॉक्टर होता. रिचर्ड पीटरसन या समाजशास्त्रज्ञाने १९९७ च्या आपल्या ग्रंथात या घडवलेल्या अस्सलपणाची सविस्तर चिकित्सा केली आहे. तेथे व्यापाराने परंपरा बुडवली नाही. विकण्यायोग्य परंपरा शिवून घेतली. आपल्याकडे लोककलेच्या महोत्सवांत सगळ्या बायकांना एकाच रंगाची नऊवारी नेसवली जाते, तेव्हा मला हा जॉर्ज हे आठवतो. फुई कानबाईच्या रात्री तिच्याजवळची सर्वांत नवी साडी नेसत असे.

सरकारी रेडिओने नावे पुसली, हे मात्र अर्धेच खरे आहे. त्याच रेडिओवर फर्माईशीचे कार्यक्रम होते. पारोळा, चोपडा, शिरपूर, साक्री, शिंदखेडा येथून पंधरा पैशांची पोस्टकार्डे जात, आणि गाणे लागण्याआधी नावांची लांबलचक यादी वाचली जाई : अमका, त्याची ताई, वहिनी, भाचे, आणि 'सर्व मित्रमंडळी'. आम्ही भावंडे गाणे सोडून यादीच ऐकत असू. कानबाईच्या गाण्यातून हुसकावलेली नावे हिंदी चित्रपटगीताच्या उंबरठ्यावर येऊन बसली होती असे आज वाटते. विद्वानांनी या यादीला कार्यक्रमाचा भाग मानले नाही. श्रोत्यांनी मानले.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण येथे टाळता येणार नाही. असोद्याची ही निरक्षर बाई गाणी रचत होती. सोपानदेवांनी आणि घरच्या माणसांनी ती लिहून ठेवली. तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. १९६१ साली 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्यांतल्या काहींना चाली दिल्या. आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव मिळाले. तिची भाषा अहिराणी नव्हे, लेवा गणबोली. पण बाहेरच्यांना हा फरक कळत नाही आणि आमच्या विद्यार्थ्यांनाही तो सांगावा लागतो. तिच्या प्रतिभेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. माझा मुद्दा एवढाच की, 'पारंपरिक' या डोहातून जी एक बाई नावानिशी वर आली, तिच्या घरात कवी मुलगा होता आणि त्याला अत्रे भेटले. जात्यावर आणि शेतात रचणाऱ्या इतर बायांना ना मुलगा कवी मिळाला ना प्रकाशक. आणि नाव मिळाल्यावरही चाल, उच्चार, ठेका हे सगळे मुंबईच्या ध्वनिमुद्रणकक्षातून परत खानदेशात आले. आज पाठ्यपुस्तकातील बहिणाबाई वर्गात म्हणावयास सांगितली तर मुले बहुधा चित्रपटाच्या चालीवरच म्हणतात.

कॅसेट आली ती या सगळ्याला वळसा घालून. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' या १९९३ च्या पुस्तकात उत्तर भारताविषयी जे दाखवले, की स्वस्त यंत्राने लहान बोलींना बाजार मिळवून दिला आणि त्याच बाजाराने त्यांना एका साच्यात घातले, ते खानदेशालाही लागू पडते. फरक असा की आमचा ग्राहक खानदेशाबाहेर होता. सुरतेच्या कापडगिरण्यांत आणि यंत्रमागांवर, नाशिक-पुण्याच्या कारखान्यांत गेलेल्या माणसाला अहिराणी विकत घ्यावीशी वाटली, कारण तेथे ती फुकट ऐकू येत नव्हती. घरी असताना जिची लाज वाटे तिच्यासाठी तो पैसे मोजू लागला. बाजाराने दिलेली ही प्रतिष्ठा मला लहान वाटत नाही. आकाशवाणीवर गाणे अहिराणीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, अशी विभागणी असे. बोली चौकटीत, चौकट दुसऱ्याची. यूट्यूबवर गाणे, नाव, खालचे अभिप्राय, भांडणे, सगळेच अहिराणीत चालते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे सुमारे १८ लाख ६० हजार होते, २००१ पेक्षा कमी. आणि 'हाई झुमकावाली पोर' सारखे एक गाणे काही कोटी वेळा वाजते. भाषा सांगावयास लाजणारे लोक ती नाचावयास लाजत नाहीत. आपल्या देशीवादाच्या चर्चेने जे साधले नाही ते एका ठेक्याने साधले, हे मान्य करताना माझ्यासारखीला थोडा त्रास होतो. पण ते मान्य केले पाहिजे.

त्रास दुसरीकडे आहे. बाजारातल्या या गाण्यांत बोलणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि बाई ही 'पोर' असते : पाहिली जाणारी, मागे फिरावे लागणारी, रुसणारी. कानबाईच्या आणि आखाजीच्या गाण्यांत बाई गात होती आणि पुरुषाचे नाव गाण्यात येत होते. आता पुरुष गातो आणि बाईचे वर्णन गाण्यात येते. द्व्यर्थी बोलणे या गाण्यांत विपुल आहे, आणि त्याचे समर्थन 'आमच्या परंपरेत शिव्यांची गाणी होतीच' असे केले जाते. होती. मात्र ती कोणाच्या तोंडी होती हे सोयीने विसरले जाते. सरकारने सभ्यतेखातर जे बायकांच्या तोंडून काढून घेतले ते बाजाराने पुरुषाच्या तोंडी घालून परत विकले. परंपरावादी आणि व्यापारी यांचे भांडण मला म्हणूनच खरे वाटत नाही. या एका बाबतीत दोघांनी मिळून काम केले आहे.

आणि नाव घालण्याची ती जागा? ती बाजाराने अचूक ओळखली. लग्नाच्या वरातीत डीजे वाजवतो त्या पुनर्मिश्रित गाण्यांत ठरावीक अंतराने एक भारदस्त आवाज येतो आणि डीजेचे नाव, गाव, कधी मोबाइल क्रमांक सांगून जातो. नवरदेवाच्या काकाचे नाव ज्या जागी यावयाचे तेथे आता हे नाव येते. कायद्यानेही त्याला सोय करून दिली आहे. लोकगीताला कर्ता नसल्याने त्यावर कोणाचा हक्क नाही. पण कोणी ते ध्वनिमुद्रित केले की त्या ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा हक्क साठ वर्षे चालतो. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला प्रयोगाचा हक्क मिळाला, २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचे मानधन सुरक्षित झाले. पण गीतकार कोण, हे आधी ठरावे लागते. माझ्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजीची गौराईची गाणी भ्रमणध्वनीवर टिपून वर्गात आणली होती. त्यांतल्या एकाची चाल ऐकताच मागच्या बाकांवरून मुले दुसऱ्याच शब्दांनी गाऊ लागली. ते विकले जाणारे गाणे होते. त्याच्याखाली गीत आणि संगीत म्हणून एका तरुणाचे नाव होते. विद्यार्थिनीला राग आला होता तो चोरीचा नव्हे. आजीच्या गाण्यात गावातल्या नऊ लेकींची नावे होती, आणि त्यांपैकी तीन आता हयात नव्हत्या.

अशोक रानडे यांनी संगीताच्या कोटी लावताना लोकसंगीत आणि जनसंगीत यांत भेद केला. तो मी वर्गात शिकवते, उपयुक्त आहे. पण त्या भेदाने रसिकाची आणि अभ्यासकाची सोय होते, गाणारीची होतेच असे नाही. तिच्या दृष्टीने कसोटी वेगळी असते, हे मला अलीकडच्या एका श्रावणात सुरतेत दिसले. उधन्यातल्या नातेवाइकांकडे कानबाई बसली होती. दोन खोल्यांचे घर, रात्री कामाच्या पाळीवरून येणारी-जाणारी माणसे, आणि जागून गाणाऱ्या बायका अवघ्या चार. त्यांतल्या दोघींना गाणी पाठ नव्हती. म्हणून भ्रमणध्वनीवर कानबाईच्या गाण्यांचा एक अल्बम लावला होता, मध्ये मध्ये जाहिरातींसह. कीबोर्डवर वाजवलेली सनई, तालयंत्राचा ठेका, आणि गाण्यात नावे कोणाचीच नव्हती. बायका त्यावर मागून म्हणत होत्या. कडवे संपून वाद्यांचा तुकडा आला तसे थोरल्या जावेने घरधन्याचे नाव घालून तेच कडवे पुन्हा उचलले. तुकडा आखूड होता. दुसरे नाव येईतो यंत्रातली गायिका पुढच्या कडव्यावर गेली. दोनदा असे झाले. तिसऱ्यांदा धाकटीने हात लांब करून गाणे थांबवले, आणि मग नावे सुरू झाली. घरातली, वरच्या मजल्यावरची, शिंदखेड्याला राहिलेल्यांची. एका ओडिया शेजारणीचेही नाव तिने सांगितले तसे, जरा अडखळत, घातले गेले. चाळीस मिनिटे तरी तो भ्रमणध्वनी पाटाशेजारी पालथा पडून होता. मग कोणाला तरी पुढचे गाणे आठवेना, तेव्हा तो पुन्हा उचलला.